आजी, तुम्ही घोरता का?

नमस्कार श्रोतेहो.

पस्तीस वर्षं मी भूल द्यायचं काम केलं. ऑपरेशन झालं की पेढे सर्जनला, फुलं सर्जनला, आणि भूल कुणी दिली हे पेशंटला आठवतही नाही. ते आठवू नये यातच आमचं काम चोख झालं म्हणायचं, त्यामुळे तक्रार कुठे करणार? पण माईक समोर आहे तर एकदा बोलून घेते.

आज विषय आहे दातांच्या डॉक्टरचा. त्या खुर्चीत बसायचं म्हटलं की ज्यांना घाम फुटतो, त्यांच्यासाठी हल्ली काही दवाखान्यांत गुंगी देऊन उपचार करतात. पण ही गुंगी घ्यायची कुणाकडून? उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे गॅसवर दूध ठेवलेलं असेल त्यांनी खुशाल उठावं. डॉक्टर तुम्हाला काय सांगतो ते कमी बघा, तो तुम्हाला काय विचारतो ते बघा. परत सांगते, काय विचारतो ते बघा.

माझी आत्या वाईची. वय ६८. आत्याच्या स्वयंपाकघरात सगळं आहे, फक्त पक्कड नाही. उकळत्या दुधाचं पातेलं ती पदराने नाहीतर फडक्याने उतरवते, बोटं भाजून घेते. एका दिवाळीत मी चांगली स्टीलची पक्कड भेट नेली, तर तिने ती कागदासकट माळ्यावर टाकली. कारण मला फार उशिरा कळलं. ती नऊ वर्षांची असताना आठवडी बाजारात एक माणूस सतरंजी टाकून बसायचा. पुढ्यात उपटलेल्या दातांचा ढीग, हीच त्याची पाटी. माझ्या आजोबांनी आत्याचं डोकं दोन गुडघ्यांत दाबून धरलं आणि त्या माणसाने पक्कड घातली. दाढ निघाली, पण अर्धी. उरलेली अर्धी पुढच्या बाजाराला.

त्यानंतर ५९ वर्षं आत्या कुठल्याही दातवाल्याच्या दारात गेली नाही. लवंग, तुरटीच्या गुळण्या आणि मिश्री यांवर तिने दिवस काढले. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दुसरं काही नाही. ती दातांसाठी कुणी लावत नाही, तलफेसाठी लावतात, आणि हे आपल्या घरातली एक बाई कबूल करत नाही. असो.

परवाच्या दिवाळीनंतर आत्या साताऱ्याला माझ्याकडे आली होती. कंदी पेढा तोंडात टाकला आणि उजवीकडच्या खालच्या दाढेतून अशी कळ गेली की तिने कान धरला. दाढेला रूट कॅनल लागणार हे उघड होतं. पहिल्या दिवशी तिने दवाखान्याबाहेर चप्पल काढली, आतून मशीनचा तो किर्र आवाज आला, तिने चप्पल घातली. दुसऱ्या दिवशी जिना चढलीच नाही. राजवाड्यावर जाऊन भेळ खाल्ली आणि आतोबांना म्हणाली, "बघा, चावता येतंय की." डाव्या बाजूने चावत होती.

मग मीच म्हटलं, गुंगी देणारा डॉक्टर बघू. गेलो एका मोठ्या काचेच्या दवाखान्यात. बाहेर बोर्डावर 'वेदनारहित', आत टीव्ही. हे एक मला कळत नाही. ज्या खोलीत भ्यायलेली माणसं बसतात, तिथे सकाळी अकरा वाजता सासू-सुनांची मारामारी कशाला लावायची? तर ते डॉक्टर आले आणि आत्याकडे न बघताच म्हणाले, "काळजी करू नका, एक इंजेक्शन देतो, काही कळणार नाही. आत्ताच उरकून टाकू."

आत्ताच! अहो, आत्या तासाभरापूर्वी मिसळ खाऊन आलेली. गुंगीत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर काय होतं, ते मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलंय. मी विचारलं, "ऑक्सिजन कुठंय?" सिलिंडर होता, कोपऱ्यात. त्यावर टॉवेल वाळत घातला होता. मी म्हटलं, "उघडून दाखवा." तर त्याची किल्ली सापडेना. "बरं, गुंगीत असताना हिच्याकडे लक्ष कोण ठेवणार?" "आमची सिस्टर आहे ना." सिस्टर फोनवर अपॉइंटमेंटा घेत होती. मी आत्याला उठवलं. आत्या इतक्या चपळाईने उठलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

दुसरा दवाखाना लहान, एका औषधाच्या दुकानाच्या वर. डॉक्टर बाई, चाळिशीच्या असतील. त्यांनी पहिल्या दिवशी तोंडात आरसासुद्धा घातला नाही. समोर बसवलं आणि विचारायला लागल्या. बीपीची कुठली गोळी? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कधी भूल घेतली होती का, तेव्हा काही त्रास? दमा? नाक चोंदतं का? झोपेची गोळी घेता का? मिश्री किती वेळा? आत्याने बोट दाखवलं, एक. आतोबांनी मागून चार दाखवली.

आणि मग बाईंनी विचारलं, "आजी, तुम्ही घोरता का?"

आत्या ताठ झाली. "मी? छे. आमच्या माहेरात कुणी घोरत नाही." आतोबा मागे भिंतीकडे बघत उभे. बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही सांगा." आता आतोबा लग्नाला ४६ वर्षं झालेला माणूस. ते तोंडाने काही बोलले नाहीत. खिशातून मोबाईल काढला, शोधलं आणि टेबलावर ठेवला. श्रोतेहो, लाकडाच्या वखारीत करवत चालावी तसा आवाज! आणि मध्येच तो बंद. एक, दोन, तीन... बाई घड्याळाकडे बघत होत्या... बारा, तेरा... आणि मग फुस्स करून परत करवत सुरू. आत्या म्हणाली, "हे कुणाचं?" आतोबा म्हणाले, "तुझंच. मार्चपासूनची सगळी आहेत."

आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण बाईंचा चेहरा बदलला होता, आणि माझाही. घोरताना मध्येच श्वास थांबतो, त्या माणसाला झोपेचं औषध टोचलं तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. काचेच्या दवाखान्यात ते इंजेक्शन आत्याला मिळालं असतं, आणि ऑक्सिजनची किल्ली कुणाकडे तरी असती. बाई म्हणाल्या, "आजींना इंजेक्शनची गुंगी इथे नको. नाकाने घ्यायचा वायू देऊ. आणि घोरण्याची तपासणी करून घ्या, दाढेपेक्षा ते मोठं आहे." हे ऐकलं आणि मी मनात म्हटलं, डॉक्टर सापडला. 'नको' म्हणता येतं तो डॉक्टर.

तो वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हसवणारा वायू. नाकावर छोटा मास्क बसवतात. आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू वायू मिसळतात, पाच मिनिटांत हातापायांना मुंग्या येतात, अंग हलकं होतं. माणूस जागा असतो, बोलतो, ऐकतो, फक्त भीतीची धार जाते. चांगलं यंत्र ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली येऊच देत नाही. काम झालं की पुन्हा पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन, आणि वायू उतरतो.

हा वायू दातांसाठी पहिल्यांदा वापरला तो होरेस वेल्स या अमेरिकेतल्या दातांच्या डॉक्टरने. १८४४ च्या डिसेंबरात हार्टफर्ड गावी त्याने स्वतः तो हुंगला आणि स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बोस्टनला मोठ्या डॉक्टरांपुढे प्रयोग दाखवायला गेला, तर पेशंट ओरडला आणि सगळ्यांनी त्याची टर उडवली. १८४६ मध्ये त्याचाच जुना भागीदार मॉर्टन ईथर नावाचं भुलीचं औषध देऊन नाव कमावून गेला. म्हणजे बघा, पेढे दुसऱ्यालाच, हे तेव्हापासून चालू आहे.

आत्याच्या बाबतीत बाईंनी आणखी एक विचारलं होतं, ते सांगायचं राहिलं. "बी-१२ तपासलंय का?" आत्या माळकरी. हा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो, आणि शाकाहारी माणसाकडे ते आधीच बेताचं असतं. म्हणून रक्त तपासलं. ठीक निघालं, ताकाची कृपा.

ठरलेल्या दिवशी मास्क लागला. थोड्या वेळाने आत्या म्हणाली, "पाय कुठं गेले माझे?" मग डॉक्टर बाईंना म्हणाली, "तुझे हात गार आहेत गं, चहा घेत जा." तेवढ्यात बाईंनी बधिर करायचं इंजेक्शन दिलंसुद्धा. हे नीट ऐका, कारण इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. गुंगी वेगळी, बधिरता वेगळी. गुंगीने भीती जाते, दाढ बधिर होते ती हिरडीतल्या इंजेक्शननेच. गुंगी घेतली म्हणजे सुई चुकत नाही. फक्त ती सुई आत्याला कळली तेव्हा तिला तिचं काही वाटलं नाही.

वेळ होत आली, तेव्हा उरलेलं भराभर सांगते. गोळीची गुंगी असते, वायूची असते, शिरेतल्या इंजेक्शनची असते. जितकी गाढ, तितकी तयारी जास्त. शिरेतून देणार असतील तर गुंगी देणारा माणूस वेगळा हवा, दात कोरणाऱ्यानेच दोन्ही करायचं नाही. बोटाला ऑक्सिमीटर हवाच. कोविडात तो घरोघरी आला, दवाखान्यात नसेल तर लाज आहे. मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध देत असतील तर त्याचा उतारा फ्लुमाझेनिल जवळ आहे का, हे बेलाशक विचारा. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर असतो, तो वाचा. हृदयाचा, फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर रुग्णालयाला जोडलेल्या दंत महाविद्यालयात जा, तिथे भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो. पोट रिकामं ठेवायचं ते साधारण असं: पाणी दोन तास आधी बंद, हलकं खाणं सहा तास, तळकट नि मटण आठ तास. मधुमेहाची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही, ते आधी विचारा. मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. गरोदर असाल तर पहिल्या वाक्यात सांगा. गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही, विशेषतः जमिनीच्या. आणि फोनवरच 'आत्ताच या, उरकून टाकू' म्हणाले, तर जाऊ नका. प्रश्न विचारणारा डॉक्टर शोधा.

आत्याची दाढ दोन खेपांत झाली. पहिल्या दिवशी आतोबा स्कूटर घेऊन आले होते. बाईंनी त्यांना खाली जाऊन रिक्षा आणायला लावली. आत्या आदल्या रात्री भीतीने जागीच होती, त्यामुळे रिक्षा पोवई नाक्याच्या पुढे जाईपर्यंत तिचा डोळा लागला आणि करवत सुरू झाली. रिक्षावाल्याने आरशात बघितलं, मग मला विचारलं, "डॉक्टरांनी जास्त दिलं का हो?"

मी म्हटलं, "नाही हो. ते घरचंच आहे."

आतोबांनी मोबाईल काढला होता. मी तो त्यांच्या हातातून काढून पर्समध्ये टाकला.

नमस्कार.