घर विस्कटतं तेव्हा सिंगापुरातल्या मुलांचं काय होतं?

नमस्कार मंडळी.

गणपती-दिवाळीला आपण नटूनथटून भेटतो. त्याच गर्दीत एखादं मूल असं असतं, की त्याच्या घरी कित्येक महिन्यांचा अबोला असतो, दारू असते, नाहीतर मारहाण. आज त्या मुलाबद्दल बोलू. सुरुवात कागदपत्रांपासून करू, कारण परक्या बेटावर मुलाचं घर, शाळा, मित्र सगळं त्यांच्यावरच उभं असतं.

एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करण्याचा परवाना, एकाचा; बाकी कुटुंब त्याच्या आधारावर मिळालेल्या डिपेंडंट पासवर. मूळ पास गेला की बाकीचेही जातात आणि आवराआवरीला साधारण ३० दिवस मिळतात. मे २०२१ पासून डिपेंडंट पासवरच्या जोडीदाराला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. म्हणून भांडणात ‘पास रद्द करायला लावीन’ ही धमकी इतकी जिव्हारी लागते, आणि शेजारच्या खोलीतलं मूल ती ऐकत असतं. असं मूल तक्रार करत नाही. ते अकाली शहाणं होतं, मार्क चांगले आणतं, धाकट्याला सांभाळतं, आजीच्या व्हिडिओ कॉलवर हसतं. त्यामुळे शिक्षकांच्याही लक्षात उशिरा येतं. वारंवार पोट दुखणं, झोप उडणं, शाळा सुटल्यावर घरी जायचं टाळून लायब्ररीत नाहीतर मॉलमध्ये रेंगाळणं, याकडे लक्ष द्या. शाळेत समुपदेशक असतात, त्यांच्याशी बोला.

एका गोष्टीकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. अनेक घरांत मुलाला भरवणारी, झोपवणारी हेल्पर असते. घर मोडलं की तिचं वर्क परमिटही संपतं, आणि मूल शाळेतून येईपर्यंत ती गेलेली असते. आईबाबांच्या भांडणाइतकाच हा धक्का मोठा असतो. ती कधी जाणार हे मुलाला आधी सांगा, दोघांना निरोप घेऊ द्या, पुढे फोनवर बोलू द्या.

आता पासपोर्ट. मुलाचा भारतीय पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तितकाच. अर्जासोबतच्या ‘अनेक्शर डी’वर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. एकाने सही नाकारली तर ‘अनेक्शर सी’ भरून कारण द्यावं लागतं आणि काम रेंगाळतं. मुदत संपत आली असेल तर बोलणं बंद होण्याआधी नूतनीकरण उरका. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, शाळेची प्रगतिपुस्तकं यांच्या प्रती दोघांकडेही असू द्या.

शाळेचं गणितही वेगळं आहे. इथल्या सरकारी शाळा जानेवारीत सुरू होतात, महाराष्ट्रात जूनमध्ये. इथे मूल ७ वर्षांचं होतं त्या वर्षी पहिलीत जातं. सप्टेंबरात अचानक परतलेलं मूल तिथे अर्ध्या वर्षात आणि बऱ्याचदा वयाने मोठं म्हणून वर्गात बसतं. निघण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या.

रागाच्या भरात मुलाला घेऊन गुपचूप भारतात निघून जाऊ नका. मुलांच्या अपहरणाविषयीच्या हेग कराराचा सिंगापूर सदस्य आहे, भारत नाही. त्यामुळे मागे राहिलेल्या पालकाला तिथल्या उच्च न्यायालयात दाद मागावी लागते आणि मूल दोन देशांतल्या खटल्यांत अडकतं. इथल्या न्यायालयाचा ताब्याचा आदेश असेल, तर महिन्याहून अधिक काळ बाहेर नेण्यासाठी दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागते.

मारहाण होत असेल तर मात्र थांबू नका. तातडीला ९९९. चोवीस तास चालणारी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-७७७-००००. कौटुंबिक न्यायालयातून संरक्षण आदेश, म्हणजे पीपीओ, मिळतो आणि त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही. प्राथमिक शाळेतली मुलं स्वतः ‘टिंकल फ्रेंड’ला १८००-२७४४-७८८ वर फोन करू शकतात. हा नंबर मुलांना पाठ असावा.

आणि आपण, आजूबाजूचे? मुलाकडून घरातल्या बातम्या काढू नका. मारहाण असलेल्या घरात समेट घडवायला जाऊ नका, त्याने पीडितेचा धोका वाढतो. शनिवारी मुलाला जेवायला बोलवा, अभ्यासाला कोपरा द्या, मराठी वर्गाला तुमच्या गाडीतून न्या. आईला नोकरी शोधायची असेल तर ओळख करून द्या. तिने वकिलाकडे सोबत मागितली तर दुपार मोकळी ठेवा.