हायड्रोजन ठेवायचा कुठे?

मंडळी, हरित हायड्रोजनचा, म्हणजे सौर-पवन विजेने पाणी फोडून केलेल्या हायड्रोजनचा विषय निघाला की नाशिककर पहिल्यांदा पाण्याचं विचारतात. गोदावरीचं पाणी यात जाणार का? किलोभर हायड्रोजन करायला वीज लागते ५०-५५ युनिट, आणि ज्याचं विघटन होतं ते शुद्ध पाणी साधारण ९ लिटर. प्रश्न रास्तच आहे. पण मला विचाराल तर खरी गोची पुढेच आहे. तयार झालेला वायू ठेवायचा कुठे?

वजनाला हलका, पण जागा खाण्यात याचा हात कोणी धरणार नाही. किलोभरात ३३ युनिट ऊर्जा; मात्र हवेच्या साध्या दाबाला सिडकोतल्या दहा बाय दहाच्या खोलीत अडीच किलोही मावत नाही. दाबून टाक्यांत भरता येतो, पण ते दोन-चार दिवसांपुरतं. आपल्याला हवी ती कांदाचाळ: उन्हाळी माल भरायचा आणि दिवाळीपर्यंत पुरवायचा. विजेच्या रोजच्या चढउतारासाठी हायड्रोजन नकोच. विजेचा वायू आणि वायूची पुन्हा वीज केली, की १०० युनिटांतली ३५-४० हाती लागतात. त्यापेक्षा घाटघरच्या वीजप्रकल्पासारखं पाणी वर चढवून खाली सोडलेलं कितीतरी परवडतं.

हंगामी साठ्याला जगात सध्या सर्वांत भरवशाची जागा म्हणजे जमिनीखालचं मीठ. बोअर घ्यायचं, पाणी सोडायचं, मीठ विरघळवून खारं पाणी उपसायचं. खाली पोकळी तयार. मिठातून वायू झिरपत नाही, आणि बारीक भेग पडली तरी दाबाखाली मीठ सरकून ती बुजते. इंग्लंडमध्ये टीसाइडला १९७२पासून अशा पोकळ्यांत हायड्रोजन आहे. अशा पोकळ्यांतून सगळा वायू मात्र सहसा काढता येत नाही. पोकळी दबू नये म्हणून बराचसा वायू कायमचा आतच ठेवावा लागतो, आणि हिशेब मांडताना नेमका तोच विसरला जातो.

मघाशी एका मुलाने विचारलं, पांडवलेणी दोन हजार वर्षं टिकली, मग आपल्या डोंगरात का नाही? अरे, लेणी टिकायला खडक मजबूत असला की भागतं. इथे तो हवाबंद लागतो. आपला बेसाल्ट लाव्हाच्या थरांचा. थराचा माथा फेसाळ, सच्छिद्र. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले झिओलाइटचे स्फटिक असल्याच पोकळ्यांत वाढलेले. त्यात उभ्या-आडव्या सांधी. तुमच्या विहिरीला पाझर फुटतो तो तिथूनच.

विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला खडकात कच्चं तेल ठेवलंय, अस्तराशिवाय. भोवतीच्या भूजलाचा दाब तेलाला कोंडून धरतो. हीच युक्ती १०० बार (हवेच्या साध्या दाबाच्या साधारण शंभरपट) दाबाच्या हायड्रोजनला लावायची, तर वर निदान हजार मीटर पाण्याचा स्तंभ हवा. एवढं खोल कोण खणणार? दुसरा मार्ग पोलादी अस्तराचा. स्वीडनमध्ये लुलेओला २०२२मध्ये तशी गुहा सुरू झाली. २५० बारपर्यंतचा दाब, पण आकार १०० घनमीटर. म्हणजे आपल्या चार खोल्याही नाहीत!

मीठ आपल्याकडे आहे, पण राजस्थानात, बिकानेर-नागौरच्या पट्ट्यात. साठा तिकडे होऊ दे. खतासाठी लागणाऱ्या हायड्रोजनचा तर जागेवरच अमोनिया करावा. तो उणे ३३ अंशांना द्रव होतो, टाकीत राहतो आणि खत कारखान्याला शेवटी तोच लागतो. त्यासाठी डोंगर पोखरण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला?