बेंजो मध्यंतरानंतरच का?

मित्रहो, मैफल सुरू होण्यापूर्वी मला अर्धा तास दिला आहे आणि विषय ठरला आहे तो असा, की आयरिश रील, म्हणजे झपाट्याच्या नाचाची चाल, अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांत पोहोचली तेव्हा तिचे काय झाले. त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी आपल्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेविषयी एक जुनी तक्रार मांडू द्या. अशा प्रत्येक मैफलीत मध्यंतरापूर्वी 'केल्टिक' आणि मध्यंतरानंतर 'अमेरिकन' अशी वाटणी ठरलेली असते. आधी हार्प, बासरी आणि कोपराखालच्या भात्यावर वाजणारे इलिन पाइप्स. बेंजोने मात्र चहा होईपर्यंत विंगेत थांबायचे. त्यामुळे ऐकणाऱ्याची समजूत होते की हे संगीत पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदाच गेले आणि तिथेच राहिले.

या समजुतीचा खरा अर्धा भाग आपल्याला नॉर्थ कॅरोलिनात राहून ठाऊक झालेला आहेच. अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधली स्कॉट वंशाची कुटुंबे फिलाडेल्फियाच्या बाजूने आली, शेनान्डोआच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकली आणि डोंगरांत स्थिरावली. पुढे 1916 ते 1918 या काळात लोकगीते गोळा करणारे इंग्रज संग्राहक सेसिल शार्प आणि त्यांच्या सहकारी मॉड कार्पेलीस इकडे हिंडले, तेव्हा हॉट स्प्रिंग्जच्या जेन हिक्स जेंट्री या एकट्या बाईंकडून त्यांना साठाहून अधिक गाणी मिळाली. शार्प यांचे काम मोठेच आहे. पण ते इंग्लंडची जुनी गाणी शोधत आले होते, म्हणून वाद्यांवरच्या नाचाच्या चाली त्यांनी फारशा टिपल्या नाहीत आणि कृष्णवर्णीय गायकांच्या दारी ते जवळजवळ गेलेच नाहीत.

आता उरलेला अर्धा भाग, आणि इथे मला फ्रान्सिस ओनील यांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे गृहस्थ 1848 साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात जन्मले आणि कोवळ्या वयात घर सोडून जहाजावर चढले. प्रशांत महासागरातल्या बेकर बेटापाशी त्यांचे जहाज फुटले. ज्या जहाजाने त्यांना वाचवले त्यावरचे खलाशी हवाई बेटांकडचे होते आणि त्यांच्यातल्या एकाकडे बासरी होती. ओनीलनी ती मागून घेऊन त्याचीच धून वाजवून दाखवली; तेव्हापासून त्या खलाश्याने आपल्या वाट्याचे अन्न त्यांच्याशी वाटून खाल्ले. इतर सुटका झालेल्यांचे हाल झाले, हे मात्र खुशाल. (आपल्या मुलांना संगीताच्या क्लासला का घालावे, असे विचारणाऱ्या पालकांना मी हीच हकिगत सांगतो.) पुढे 1873 साली ते शिकागोच्या पोलीस दलात शिपाई म्हणून लागले, लवकरच एका चोरट्याची गोळी लागली, आणि ती पाठीच्या कण्याजवळ रुतलेली गोळी त्यांनी जन्मभर तशीच वागवली. 1901 साली हे पोलीसप्रमुख झाले. चाली शेकड्यांनी पाठ असूनही त्यांना नोटेशन लिहिता येत नसे. ते बासरीवर किंवा शिट्टीवर चाल ऐकवत आणि जेम्स ओनील नावाचे दुसरे पोलीस, हे केवळ आडनावबंधू, ती कागदावर उतरवत. चांगला पाइपवाला दिसला की त्याला दलात चिकटवण्याची खटपट होई, असेही सांगतात. या उद्योगातून 1903 साली जो ग्रंथ निघाला त्यात 1,850 चाली आहेत. आयरिश संगीताचा तेवढा मोठा छापील संग्रह तोवर आयर्लंडातही निघाला नव्हता. तो निघाला शिकागोत.

संयोजक घड्याळ दाखवू लागले आहेत, तेव्हा रीलकडे वळतो. मूळ सांगाडा दोन्हीकडे एकच आहे: आठ मात्राखंडांचा एक भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा. आयरिश फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) या चालीला डाव्या हाताच्या बोटांनी सजवतो; एका स्वराभोवती झटक्यात वरचा-खालचा स्वर घेऊन येणारा 'रोल' हा त्याचा हातखंडा. डोंगरात आल्यावर ही नक्षी बरीच ओसरली आणि उजव्या हातातल्या गजाने ताल धरला. तारा उघड्या सुरांत मिळवून शेजारची तार सतत गुंजत ठेवायची सवय वाढली. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानांना ती लगेच ओळखू येईल. सहा मात्रांची जिग ही नाचाची चाल तर डोंगरात जवळजवळ उरलीच नाही.

हा बदल घडवण्यात मोठा वाटा बेंजोचा. ('बेंजो' म्हटल्यावर ज्यांना गणपतीची मिरवणूक आठवली त्यांना सांगतो, की आपला बेंजो हा बटणांचा बुलबुलतरंग आहे, त्याचे मूळ जपानी आणि याच्याशी त्याचे नाते नाही.) हा बेंजो पश्चिम आफ्रिकेच्या भोपळ्याच्या वाद्यांपासून गुलाम केलेल्या माणसांनी अमेरिकेत घडवला. त्याची आखूड पाचवी तार अंगठ्याने छेडली जाते, आणि तिच्या ठोक्यावरच डोंगरातली रील चालते. आपण ग्रीन्सबरोला जाताना लागणाऱ्या मेबनचे जो थॉम्पसन हे कृष्णवर्णीय फिडलवादक 2012 पर्यंत हयात होते. त्यांच्या घरी बसून शिकलेल्या रिआनन गिडन्स आणि त्यांच्या साथीदारांना 2011 साली ग्रॅमी मिळाले.

शेवटचा मुद्दा घाईतच उरकतो. 1843 मध्ये चेहऱ्याला काजळी फासून नाचणाऱ्या गोऱ्या अमेरिकन मंडळींचा ताफा बेंजो घेऊन ब्रिटनकडे निघाला, आणि अशा ताफ्यांमार्फत हे वाद्य आयर्लंडात रुजले. तिथे आज चार तारांचा बेंजो फिडलच्याच सुरांत, एक सप्तक खाली मिळवून सर्रास वाजतो. आयर्लंडातल्या स्लायगोचे फिडलवादक मायकल कोलमन यांनी 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्या मायदेशी पोहोचल्या आणि तिथले फिडलवादक त्या ऐकून वाजवू लागले. म्हणून आजच्या कलाकारांना मी मघाशी विनंती केली, की पहिल्या भागातली निदान एक रील बेंजोसह घ्यावी. ते हो म्हणाले आहेत. पत्रिकेत तसे छापलेले नाही, एवढेच.