रुमालातला विमा

(दृश्य : रात्रीचे साडेअकरा. खासगी रुग्णालयाची बिलिंगची खिडकी.)

खिडकीतून पहिला प्रश्न येतो, "मेडिक्लेम आहे का?" नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "मग डिपॉझिट भरा."

आई आत, आयसीयूत. बाहेर उभ्या रिक्षावाल्याच्या खिशात दिवसभराचा धंदा, चिल्लर धरून. बायको भिंतीकडे तोंड करते, गळ्यातली बोरमाळ काढते, रुमालात बांधते. कित्येक घरांचा विमा तो एवढाच, रुमालात मावणारा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, घरातल्या निदान एकाला तरी आरोग्य विमा आहे अशी कुटुंबं निघाली ४१ टक्के. उरलेली विनाविमा. २०२१ मध्ये नीती आयोगाने हिशोब मांडला, की किमान ४० कोटी लोकांना कसलंच संरक्षण नाही. गरिबांच्या योजनेत बसायला हे पुरेसे गरीब नाहीत, आणि खासगी विम्याचा हप्ता यांना झेपत नाही. कारखान्यात असता तर ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड तरी मिळालं असतं. पण रिक्षावाल्याचा मालक तो स्वतःच.

(दृश्य : दुसरा दिवस, सकाळ. चहाची टपरी.)

टपरीवर कुणीतरी म्हणतं, "अरे, फुले योजनेत बघ की." तो मान हलवतो. "ती पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना. आपलं पांढरं."

तसंच होतं, बरीच वर्षं. २०२३ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतली कार्डाच्या रंगाची अट काढली. कुटुंबाला वर्षाला मिळणारं दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेलं. म्हणजे काल रात्री खिडकीशी उभ्या माणसाला विमा होता. त्यालाच माहीत नव्हतं, आणि खिडकीतूनही कुणी रेशनकार्ड मागितलं नाही.

अर्थात योजनेलाही खाचाखोचा आहेत. रुग्णालय योजनेत हवं, उपचार योजनेच्या यादीत हवा. साध्या ओपीडीचा आणि महिन्याच्या गोळ्यांचा खर्च खिशातूनच. योजनेबाहेरचं रुग्णालय धर्मादाय असेल तर निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के सवलतीत ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्याचा फलक दर्शनी भागात असायला हवा. तो कुंडीमागेही सापडतो.

(दृश्य : घर. फळीवरची प्लास्टिकची पिशवी.)

पिशवीतून रेशनकार्ड निघतं. नवरा, बायको, दोन मुलं. आईचं नाव नाही. ते अजून गावाकडे, थोरल्या भावाच्या कार्डावर.

भावाला फोन जातो. अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर फोटो येतो, कडेला तेलाचा डाग पडलेला. तिसऱ्या ओळीत आईचं नाव.

तो १५५३८८ हा टोल-फ्री नंबर लावतो. "दादा, आईला जिथं ठेवलंय, ते हॉस्पिटल योजनेत आहे का?"