‘पंख्याचं विमान’ आणि पात्याचा कोन

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘टर्बोप्रॉप इंजिन आणि प्रॉपेलरचं नियंत्रण’ आणि त्याच्याखाली वेळ छापलीय पाऊण तास. यातलं एकच काहीतरी खरं ठरणार. कुठलं, ते शेवटी कळेल. (हशा)

आधी एक तक्रार. सांबऱ्याच्या विमानतळावर एटीआर, म्हणजे दोन प्रॉपेलरचं छोटं टर्बोप्रॉप विमान, उभं दिसलं की रांगेतलं कुणीतरी हमखास म्हणतं, “अगोबाई, पंख्याचं हाय की हे!” आवाजात निराशा असते. तिकिटाचे पैसे जेटचे घेतले आणि पाठवताहेत टेम्पोतून, असा भाव. पंखा म्हणजे जुनं, जेट म्हणजे नवं, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलीय. तारखा बघा. टर्बोप्रॉप विमानाने तिकीट काढलेले प्रवासी पहिल्यांदा नेले 1950 च्या जुलैमध्ये, व्हायकाउंट नावाच्या विमानाने. कॉमेट जेटची प्रवासी सेवा सुरू झाली 1952 च्या मे महिन्यात. म्हणजे म्हातारं म्हणायचंच असेल तर पावणेदोन वर्षांनीच म्हातारं. आणि दोघांच्या पोटात यंत्र एकाच जातीचं.

त्या पोटाबद्दल थोडक्यात. कॉम्प्रेसर हवा दाबतो, दाबलेल्या हवेत इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो. टर्बाइनला मिळालेल्या शक्तीतली साधारण दोन तृतीयांश कॉम्प्रेसरच परत खातो. उरलेली शक्ती जेटमध्ये झोत बनून मागे जाते. बहुतेक टर्बोप्रॉपमध्ये ती आणखी एका टर्बाइनने गोळा करून प्रॉपेलरला देतात. जेट थोडी हवा फार जोरात मागे फेकतं, प्रॉपेलर पुष्कळ हवा बेताच्या जोरात फेकतो. ढकल तेवढीच मिळते, पण मागे वाया जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ताशी पाचशे किलोमीटरच्या आत प्रॉपेलर कमी इंधनात काम करतो. इथून हैदराबाद-बेंगळुरू एवढ्या अंतराला ती विमानं का लावतात, त्याचं उत्तर एवढंच.

एटीआर 72 चा प्रॉपेलर सहा पात्यांचा, व्यास 3.93 मीटर, पूर्ण वेग मिनिटाला 1200 फेरे. त्याला फिरवणारं टर्बाइन मात्र वीस हजारांच्या घरात पळतं. सरळ जोडलं असतं तर पात्याचं टोक ध्वनीच्या बारापट वेगाने गेलं असतं, म्हणजे गेलंच असतं! म्हणून मध्ये गिअरबॉक्स. 1200 फेऱ्यांना टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 247 मीटर येतो, त्यात विमानाचा पुढे जाण्याचा वेग मिसळला तरी ध्वनीच्या खाली राहतो.

हे झालं इंजिन. पाठ्यपुस्तकात हेच असतं, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पात्याच्या बुंध्यात आहे आणि ते समजायला फार लांब जावं लागत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली आपल्या या बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. अभिमान म्हणून सांगत नाही (तोही आहे), सायकल आणि डिझेल इंजिन या दोन्ही वस्तू आज लागणार आहेत म्हणून सांगतोय. आधी सायकल. एकच गिअर असलेली सायकल घेऊन चोर्ला घाट चढून बघा. गुडघे बोलतील. तीच उतारावर सोडा, पाय नुसते हवेत फिरतील. कोन पक्का बसवलेला प्रॉपेलर म्हणजे ही सायकल. विमान धावपट्टीवर हळू असतं तेव्हा पातं उथळ कोनात हवं, वर वेग आला की खोल कोनात हवं. उथळ म्हणजे फाइन, खोल म्हणजे कोर्स. पातं आपल्या बुंध्यात वळलं पाहिजे आणि उडता उडता वळलं पाहिजे. पण किती वळायचं हे ठरवणार कोण? पायलटने दर सेकंदाला ठरवायचं म्हटलं तर त्याला दुसरं काही करायला नको.

इथे आपलं डिझेल इंजिन येतं. विहिरीवरचं 5 एचपीचं, 1500 फेऱ्यांचं. गुऱ्हाळावर बघितलंच असेल सगळ्यांनी. चरकात उसाची मोळी सरकवली की इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो, लगेच जोर धरतो आणि फेरे परत पहिल्यासारखे. मोळी संपली की क्षणभर उधळतं आणि लगेच शांत होतं. तिथे थ्रॉटलवर हात ठेवून कुणीही उभं नसतं, गुळव्या काहिलीपाशी ढवळत असतो. हे काम गव्हर्नर करतो. फिरणारी दोन वजनं आणि एक स्प्रिंग. फेरे वाढले की वजनं बाहेर पडायला बघतात, स्प्रिंग त्यांना आत दाबते. या दोघांच्या ओढाताणीत जी दांडी हलते ती इंधनपंपाची रॅक हलवते. कल्पना जुनी आहे, जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला गोळ्यांचा गव्हर्नर लावला तो 1788 मध्ये. गव्हर्नर बिघडला की काय होतं तेही गुऱ्हाळवाल्यांना पाठ आहे. स्प्रिंग थकली तर इंजिन कमी फेऱ्यांवर बसतं. दांडीचे सांधे झिजले, खेळ आला, की इंजिन “हूं-हूं, हूं-हूं” करत डोलतं. वर जातं, खाली येतं, ठरत नाही. इंग्रजीत त्याला हंटिंग म्हणतात. रॅक भरल्या इंधनावर अडकली तर इंजिन पळून जातं, मग हवा कोंडल्याशिवाय थांबत नाही.

(मागून एक श्रोता: “आमच्यात पोतं घालत्यात तोंडावर!”) घालतात, पण ओलं आणि जाड घाला, सुकं आत ओढलं जातं. (हशा) हे विमानात चालत नाही.

तर प्रॉपेलरचा गव्हर्नर म्हणजे हेच यंत्र, फक्त उलट्या बाजूने चालणारं. व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या. डिझेल इंजिनात भार वाढला की गव्हर्नर इंधन वाढवून फेरे राखतो. टर्बोप्रॉपमध्ये इंधन वाढलं की गव्हर्नर भार वाढवून फेरे राखतो. पायलट पॉवर लिव्हर पुढे ढकलतो, टर्बाइनला जास्त वायू मिळतो, प्रॉपेलर वेग घ्यायला बघतो. वजनं बाहेर पडतात, पातं खोल कोनात जातं, हवेचा मोठा घास घेतं आणि फेरे होते तिथेच राहतात. वाढतो तो टॉर्क, म्हणजे दांडा फिरवणारा जोर. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. म्हणून आत बसलेल्या माणसाला तोच एकसुरी आवाज येत राहतो आणि त्याला वाटतं, पायलट काही करतच नाहीये.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिकचं काम करणारे इथे पुष्कळ दिसताहेत, त्यांच्यासाठी जरा आत जाऊ. गव्हर्नरच्या मध्यभागी एक स्पूल आहे, म्हणजे तेलाच्या वाटा उघडणारा-झाकणारा सरकता दांडा, तुमच्या डायरेक्शन व्हॉल्व्हमधला असतो तसाच. वरून स्प्रिंग दाबते, खालून वजनं उचलतात. पीटी 6 या टर्बोप्रॉप जातीच्या इंजिनांवर गव्हर्नरचा छोटा गिअरपंप इंजिनाचंच वंगणतेल घेऊन त्याचा दाब 385 पीएसआयच्या आसपास नेतो. म्हणजे 26-27 बार. हसू नका, तुमच्याकडे प्रेस दोनशे बारवर चालते हे माहीत आहे. इथे वजन वाचवायचं असतं. फेरे कमी पडले की स्पूल खाली येतो, तेल प्रॉपेलरच्या डोममधल्या, म्हणजे पुढच्या घुमटातल्या, पिस्टनवर जातं, पाती उथळ होतात, भार उतरतो. फेरे वाढले की स्पूल वर, डोममधलं तेल गिअरबॉक्समध्ये परत, आणि पात्यांच्या बुंध्यावरची काउंटरवेट्स व डोममधली स्प्रिंग पाती खोल नेतात. फेरे बरोबर असले की स्पूल दोन्ही वाटा झाकून बसतो. एटीआरवर वजनं-स्प्रिंगच्या जागी फेरे मोजणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहे, पण पातं शेवटी तेलच वळवतं.

आता यातली हुशारी बघा. तेल नेहमी उथळ बाजूला ढकलतं, स्प्रिंग आणि वजनं खोल बाजूला. म्हणजे तेल गेलं, नळी फुटली, पंप मेला, तर पाती आपोआप पूर्ण खोल जातात, वाऱ्याला धार दाखवून उभी राहतात. याला फेदर म्हणतात, कोन ऐंशी अंशांच्या आसपास. बंद इंजिनाची पाती उथळ राहिली तर वारा त्यांना फिरवतो आणि ती विमानाला फळकुटासारखी अडवतात. म्हणून बिघाडाची वाट फेदरकडे ठेवलीय.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतल्या विषयाला आता सुरुवात करायला हरकत नाही. (हशा)

फेदर आणखी तीन मार्गांनी होतो: लिव्हरने, आपोआप, आणि चुकून. आपोआपचा प्रकार एटीआरला उड्डाणाच्या वेळी सज्ज असतो. एका इंजिनाचा टॉर्क 18 टक्क्यांच्या आसपास घसरला की दुसऱ्या इंजिनाची शक्ती लगेच वाढते आणि दोनेक सेकंदांनी मेलेल्या बाजूचा प्रॉपेलर फेदर होतो. चुकूनचा प्रकार म्हणजे नेपाळमधल्या पोखऱ्याचा एटीआरचा अपघात, 15 जानेवारी 2023. उतरताना फ्लॅपची लिव्हर हलवायची, त्याऐवजी शेजारच्या दोन्ही कंडिशन लिव्हर (प्रॉपेलर फेदर करणाऱ्या त्याच) फेदरवर गेल्या. इंजिनं चालू होती, पण टॉर्क शून्यावर आला. मग पॉवर लिव्हर पुढे ढकलून उपयोग झाला नाही, कारण पाती हवेला पकडतच नव्हती. 72 जण गेले. इंजिन चालू असणं आणि ढकल मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या कठोरपणे दुसऱ्या कुठल्या घटनेने दाखवलेलं नाही.

दुसरं टोक बीटा. जमिनीवर पॉवर लिव्हर फ्लाइट आयडलच्या, म्हणजे उडताना चालणाऱ्या सगळ्यात कमी शक्तीच्या खुणेच्या, मागे ओढली की गव्हर्नर बाजूला होतो आणि लिव्हर थेट पात्याचा कोन ठरवते. शून्याच्या जवळ, मग उणे, म्हणजे रिव्हर्स. धावपट्टीवर उतरल्यावर जो घरघराट येतो तो हाच. हवेत हे केलं तर पाती वाऱ्याने उधळतात आणि विमान दगडासारखं खाली येतं. म्हणून तिथे यांत्रिक अडसर असतो, लिव्हर उचलल्याशिवाय मागे जात नाही. 2002 च्या नोव्हेंबरात लक्झेंबर्गजवळ फोकर 50 ची लिव्हर हवेतच मागे गेली होती, 22 पैकी 20 जण वाचले नाहीत.

बिघाड भराभर सांगतो. डोमचं सील गळलं की पातं मागितल्यापेक्षा खोल जातं, फेरे पडतात. तेल थंड असेल तर फेदर व्हायला उशीर लागतो, म्हणून सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधी प्रॉपेलर दोन-तीनदा फेदरकडे नेऊन परत आणतात, डोममधलं गार तेल बदललं जातं. स्पूलवर धातूचा कण अडकला की गुऱ्हाळातलं तेच “हूं-हूं”. तेलाच्या वाटेवरचा चुंबकी प्लग कशासाठी तपासतात ते आता कळलं असेल. पात्याचा कोन लिव्हरच्या यंत्रणेला कळवणाऱ्या बीटा रिंगच्या खोबणीत बसणारा कार्बन ब्लॉक झिजला की कोनात खेळ येतो आणि दोन्ही बाजूंचा रिव्हर्स सारखा लागत नाही. मुख्य गव्हर्नरच अडकला तर पीटी 6 वर 104 टक्क्यांच्या आसपास दुसरा ओव्हरस्पीड गव्हर्नर तेल सोडून देतो. आणि बॅटरी दमलेली असताना स्टार्ट मारू नका. गॅस जनरेटर, म्हणजे कॉम्प्रेसर आणि त्याचं टर्बाइन, 12 टक्के वेगावर जायच्या आत इंधन उघडलं तर हवा कमी, आग जास्त, आणि काही सेकंदांत टर्बाइनची पाती जळतात. बिल बॅटरीचं येत नाही.

शेवटची चिठ्ठी एका ताईंची आहे: “विमान उभं असताना उजवा प्रॉपेलर थांबलेला आणि इंजिनाचा आवाज मात्र चालू, असं कसं?” छान प्रश्न. एटीआरला शेपटीत वेगळं छोटं इंजिन नसतं, म्हणून उजव्या प्रॉपेलरला ब्रेक लावून ते इंजिन वीज आणि गार हवेसाठी चालू ठेवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. प्रॉपेलरचं टर्बाइन आणि कॉम्प्रेसरचं टर्बाइन यांच्यात दांडा नाही, फक्त वायूची गाठ आहे, म्हणून हे जमतं. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा, एक चालू करा, दुसरा हाताने धरून ठेवा, पहिल्याचं काही बिघडत नाही. डॉर्नियर 228 मध्ये सगळं एकाच दांड्यावर आहे, तिथे हे होणार नाही. म्हणूनच बंद डॉर्नियरची पाती सपाट, उथळ उभी असतात. स्टार्ट करताना प्रॉपेलरही फिरवावा लागतो, तो फेदरमध्ये असला तर स्टार्टरला ओढत नाही. त्यासाठी इंजिन बंद करतानाच पिना बसवून पाती उथळ अडकवतात. बंद एटीआरची पाती मात्र तेल उतरल्यामुळे धार वाऱ्याकडे करून उभी दिसतील, आणि रात्रीच्या मुक्कामाला असेल तर पट्ट्याने बांधलेली. तो पट्टा चोरांसाठी नाही. वाऱ्याने प्रॉपेलर रात्रभर फिरला तर तेलाचा पंप बंद असताना गिअरबॉक्सची बेअरिंगं कोरडी फिरतात.