पुढची आयत

[मुंबई महापालिका मुख्यालय, सकाळची वर्दळ]

मुंबई महापालिका. इस्लामचे अभ्यासक आणि सुधारक असगर अली इंजिनियर यांनी इथे सुमारे वीस वर्षं अभियंता म्हणून नोकरी केली. पदवी उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाची. पण त्यांची ओळख ज्या विद्येमुळे झाली, ती घरातली. जन्म १९३९ चा, राजस्थानातल्या सलुंबरचा. वडील दाऊदी बोहरा या शिया मुस्लिम जमातीचे आमिल, म्हणजे धर्मगुरूंचे स्थानिक प्रतिनिधी. त्यांनी मुलाला अरबी शिकवली. कुराणाचं भाष्य, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, फिक्ह म्हणजे इस्लामी कायदा, सगळं त्याच्याकडून करून घेतलं.

[भेंडीबाजार, रौदत ताहेराचा घुमट]

भेंडीबाजारातली ही रौदत ताहेरा. आतल्या संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुराण सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. इथे बोहऱ्यांचे ५१ वे दाई, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची कबर आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जमातीबाहेर टाकण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. सय्यदना त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धर्मगुरूंच्या हातात बहिष्कार कायम राहिला. सत्तरच्या दशकात उदयपूरचे बोहरा तरुण जमातीच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारू लागले, तेव्हा असगर अली त्यांच्या बाजूने लिहू लागले. १९७७ मध्ये ते सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाचे सरचिटणीस झाले. पुढे बहिष्कार आला, हल्ले झाले. २००० साली सांताक्रूझच्या घराची मोडतोड झाली.

[कुराणाचं उघडं पान]

हे पान नीट पाहा. चौथी सुरा म्हणजे अध्याय, अन्-निसा, तिसरी आयत म्हणजे वचन. चार लग्नांच्या परवानगीसाठी दाखला दिला जातो तो हिचाच. असगर अली ती पहिल्या शब्दापासून वाचायला लावत. सुरुवात लग्नापासून होत नाही, अनाथांपासून होते. इसवी सन ६२५ मध्ये मदिनेजवळच्या उहुदच्या लढाईत सत्तरच्या आसपास मुसलमान पडले. मदिनेत विधवा आणि पोरकी मुलं उरली. त्यांना न्याय कसा मिळावा, हा त्या आयतीपुढचा प्रश्न. आणि परवानगीलाही अट आहे : सगळ्यांशी न्यायाने वागता येणार नाही अशी भीती असेल, तर एकच.

[पानं उलटणारा हात]

आता हीच सुरा, १२९ वी आयत. कितीही मनात असलं तरी बायकांमध्ये सारखा न्याय करणं तुम्हाला जमणार नाही, असं इथे स्पष्ट म्हटलं आहे. परंपरेने सांगितलं जातं की हा न्याय मनाच्या ओढीबद्दल आहे, आधीच्या आयतीतला वागणुकीबद्दल आणि खर्चाबद्दल. असगर अलींनी ही फोड स्वीकारली नाही. दोन्ही आयती शेजारी ठेवल्या की कुराणाचा कल एकपत्नीत्वाकडे दिसतो, असं ते म्हणत. काही आयती कायमची मूल्यं सांगतात, काही त्या काळच्या परिस्थितीला उत्तर देतात, हा भेद त्यांच्या साऱ्या वाचनाचा कणा होता. एका दमात दिलेल्या तीन तलाकला कुराणात आधार नाही, हेही ते याच पद्धतीने दाखवत.

हमीद दलवाई महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. दलवाईंना समान नागरी कायदा हवा होता. धर्मग्रंथाचा आधार त्यांना लागत नव्हता. असगर अली श्रद्धाळू होते, नमाज पढणारे होते, आणि तरीही शासनाने कोणत्याही धर्माची बाजू घेऊ नये यावर ठाम होते. १९९३ मध्ये त्यांनी मुंबईत सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम ही संस्था काढली. मशिदीत जाणाऱ्या बाईला तिच्याच ग्रंथातून तिचा हक्क दाखवणारा हा माणूस आपल्याकडे फार कमी वाचला गेला, याचं आम्हाला दुःख आहे.

[सर्वोच्च न्यायालय, बाहेर महिला]

१९८५ मध्ये तलाक दिलेल्या शहाबानोला पोटगी देणारा निकाल, १९८६ मध्ये त्यावर उतारा म्हणून आलेला कायदा. १४ मे २०१३ ला असगर अली गेले. २०१७ मध्ये एका दमातला तीन तलाक रद्द ठरला. मुस्लिम व्यक्तिगत कायद्याची स्त्रियांना न्याय देणारी लेखी संहिता व्हावी, ही त्यांची मागणी होती. संसदेने ती अजून केलेली नाही.