मोनिका मुलामागे समुद्र ओलांडते

नमस्कार मंडळी.

चौथ्या-पाचव्या शतकातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन म्हटलं की आपण थेट इटलीतल्या मिलानच्या बागेत पोचतो. साल 386. वक्तृत्वशास्त्राचा एक प्राध्यापक अंजिराच्या झाडाखाली ओक्साबोक्शी रडतोय. शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज येतो, ‘घे आणि वाच, घे आणि वाच’. तो उठतो, ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या पत्रांची पोथी उघडतो, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या दोन ओळी वाचतो आणि त्याचं मन निवतं. प्रसंग विलक्षण आहेच. पण मला आज त्याच्या आधीची वर्षं सांगायची आहेत, आणि ऑगस्टीनची आई मोनिका. गाव सोडून परक्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारखीच ही दोघंही त्या शहरात परकी होती.

ऑगस्टीनचा जन्म 354 सालचा, थागास्ते गावचा. आजच्या अल्जीरियातलं सुक अहरास ते हेच. वडील पॅट्रिशियस यांची कमाई बेताची. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत मुलाचं शिक्षण वर्षभर थांबलं होतं. पुढे तो कार्थेजला, उत्तर आफ्रिकेतल्या मोठ्या शहरात गेला. तिथं एका स्त्रीबरोबर लग्नाविना राहू लागला, त्यांना आदेओदातुस नावाचा मुलगा झाला. एकोणिसाव्या वर्षी रोमन वक्ता सिसेरो याचा एक ग्रंथ हाती आला आणि सत्य शोधायचं वेड लागलं. बायबल उघडलं तर त्याची भाषा या हुशार पोराला गावंढळ वाटली. जगात दुष्टपणा येतो कुठून, या प्रश्नाचं उत्तर मानी पंथात, म्हणजे प्रकाश आणि अंधाराचा झगडा मानणाऱ्या, मानी नावाच्या गुरूच्या पंथात मिळेल म्हणून तो तिकडे गेला आणि सुमारे नऊ वर्षं तिथंच राहिला. मोनिका ख्रिस्ती, श्रद्धाळू. ती रडायची, प्रार्थना करायची, आणि त्याचा पिच्छा सोडायची नाही.

383 साली त्यानं रोमला जायचं ठरवलं. आई बंदरापर्यंत आली. परत चल, नाहीतर मलाही ने, म्हणून तिनं त्याला धरून ठेवलं. तो खोटं बोलला: एका मित्राला निरोप द्यायचाय, त्याच्या जहाजाला अनुकूल वारा सुटेपर्यंत त्याच्याजवळ थांबतो. जवळच कार्थेजचा हुतात्मा बिशप संत सिप्रियान याचं स्मृतिस्थळ होतं, तिथं तू रात्रभर थांब, असं त्यानं तिला पटवलं. ती तिथं प्रार्थना करत राहिली आणि इकडे जहाज सुटलं. सकाळी तिनं किनाऱ्यावर केलेला आकांत त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवलाय. स्वतःला तो कुठेही सूट देत नाही, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

384 साली त्याला मिलानमध्ये मानाची जागा मिळाली. बादशहाचा दरबार तेव्हा तिथं होता. एवढा मोठा वक्ता, पण इटलीची माणसं त्याच्या आफ्रिकी उच्चारांना नावं ठेवत. हेही त्यानंच लिहिलंय. इथल्या ऑफिसात ज्यांना दोनदा ‘काय म्हणालात?’ असं ऐकावं लागलंय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आणि मग आई आली, समुद्र ओलांडून. गावच्या रीतीप्रमाणे ती हुतात्म्यांच्या थडग्यांवर खीर, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली. दारवानानं अडवलं: बिशप अँब्रोज यांनी ही प्रथा बंद केलीय. तिनं हुज्जत न घालता टोपली परत नेली. शनिवारच्या उपासाचाही प्रश्न आला, कारण रोममध्ये शनिवार पाळत आणि मिलानमध्ये नाही. अँब्रोज यांनी ऑगस्टीनला सांगितलं, मी रोममध्ये असलो की शनिवारी उपास करतो, इथं असलो की करत नाही. ज्या मंडळीत जाल तिथली रीत पाळा. मला हे उत्तर फार आवडतं. त्याच अँब्रोज यांची प्रवचनं ऑगस्टीन आधी नुसती वक्तृत्वासाठी ऐकायचा. हळूहळू आशयही आत उतरू लागला, आणि गावंढळ वाटलेलं बायबल त्याला नव्यानं उलगडलं. बागेतला आवाज आला तो या सगळ्यानंतर.

एक गोष्ट मात्र मला खुपते. त्याच्या प्रतिष्ठेला शोभेल असं लग्न ठरलं, त्यात मोनिकेचाही मोठा हात होता, आणि आदेओदातुसच्या आईला आफ्रिकेला परत धाडलं गेलं. दुसरा पुरुष करणार नाही, अशी शपथ घेऊन ती गेली. मुलगा ऑगस्टीनकडेच राहिला. आपलं काळीज रक्तबंबाळ झालं असं ऑगस्टीन लिहितो, पण तिचं नाव लिहीत नाही. ठरलेलं लग्न पुढे झालंच नाही. संतांच्या गोष्टी सांगताना तिलाही जागा द्यायला हवी.

387 च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीन, आदेओदातुस आणि मित्र अलिपियुस यांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा झाला. सगळे घरी निघाले. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात जहाजाची वाट पाहत असताना मोनिकेला ताप भरला. गावी नवऱ्याशेजारी आपल्याला पुरावं, ही तिची किती वर्षांची इच्छा. जागाही तिनं राखून ठेवलेली. आता ती म्हणाली, हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका. फक्त जिथं असाल तिथं प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा. गावापासून इतक्या दूर देह ठेवायची भीती नाही का वाटत, असं मित्रांनी तिला आधीही विचारलं होतं. तेव्हा तिचं उत्तर होतं, देवापासून काहीच दूर नाही. वयाच्या 56व्या वर्षी ती गेली. बाग मुलाची, पण ओस्तियातलं हे परिवर्तन आईचं, आणि मला ते तेवढंच मोठं वाटतं.

ऑगस्टीन 388 मध्ये आफ्रिकेत परतला, पुढे तिथल्या हिप्पो शहराचा बिशप झाला, आणि 28 ऑगस्ट 430 रोजी, शहराला व्हँडल या जर्मानिक टोळीचा वेढा पडलेला असताना, तिथंच वारला. 27 ऑगस्टला मोनिकेचा सण असतो, दुसऱ्या दिवशी त्याचा. त्याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाचे तेरा भाग आहेत. ज्यांना वाचायचंय त्यांनी खुशाल नवव्यापासून सुरुवात करावी, आई तिथं भेटते. मग पहिल्यापासून वाचावं. स्मृती आणि काळ यांवरचे शेवटचे भाग अवघड आहेत, त्यांना सवड काढा. धन्यवाद.